शांपूतलंच तर केमिकल आहे, मग मास्क कशाला? एसडीएस पावडरबद्दल सविस्तर

सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एसडीएस म्हणतात ती पांढरी पावडर, बायोलॉजीच्या जवळपास प्रत्येक लॅबच्या शेल्फवर असतेच. प्रोटीनचं जेल चालवायचंय (म्हणजे प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करायचीत), डीएनए काढायचाय, पेशी फोडायच्यात, कुठेही बघा हीच लागते. आणि हिच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अरे हे तर शांपूत असतं, टूथपेस्टमध्ये असतं, त्याला कसला मास्क आणि कसला गॉगल". यातला पहिला भाग खरा आहे, टूथपेस्टच्या ट्यूबवर सोडियम लॉरिल सल्फेट असं जे लिहिलेलं असतं ते हेच. दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे एकदा डोक्यात बसलं ना की ही पावडर कशी हाताळायची, कुठे ठेवायची आणि उरली तर कुठे टाकायची यातलं बरंचसं आपलं आपल्यालाच कळायला लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

टूथपेस्टमध्ये हे साधारण एक-दोन टक्के असतं, ओलं असतं, आणि दोन मिनिटांत आपण चूळ भरून टाकतो. लॅबच्या बाटलीत जे असतं ते जवळजवळ शंभर टक्के शुद्ध, कोरडं आणि इतकं हलकं की झाकण उघडताना हात जरा जोरात हलला तरी थोडं हवेत उडतं. म्हणजे पदार्थ तोच, पण प्रमाण वेगळं, अंगावर राहण्याचा वेळ वेगळा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रूप वेगळं. माझ्या मते या केमिकलच्या बाबतीत ऐंशी टक्के काळजी ही फक्त "कोरडी पावडर हवेत" या एका गोष्टीची घ्यायची असते. एकदा ती पाण्यात विरघळली की ती नाकात जाऊ शकत नाही, मग राहतात फक्त डोळे आणि हात.

आता ही नेमकं करते काय ते बघू. हिच्या रेणूला बारा कार्बनची एक लांब शेपटी असते जिला तेल-चरबी आवडते, आणि एका टोकाला सल्फेटचं डोकं असतं ज्याला पाणी आवडतं. त्यामुळे ती चरबी पकडून पाण्यात ओढते, आणि प्रोटीनच्या घड्यांमध्ये घुसून त्या उलगडून टाकते. १९७० मध्ये लेमली या शास्त्रज्ञांनी जेलची जी पद्धत प्रसिद्ध केली आणि जी आजही जगभर रोज वापरली जाते, ती याच गुणावर उभी आहे, एक ग्रॅम प्रोटीनला साधारण १.४ ग्रॅम एसडीएस चिकटतं आणि प्रोटीन सरळ दोरीसारखं होतं. हे आपल्याला ट्यूबमध्ये हवं असतं. पण आपली कातडी, डोळ्याचा पडदा, नाकाचं अस्तर हे सगळंही शेवटी प्रोटीन आणि चरबीच आहे ना, तिथेही ती तेच काम करते, ट्यूब कुठली आणि माणूस कुठला हे तिला कळत नाही.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे चरबीचं लिंपण असतं, त्यामुळे आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. एसडीएस ते लिंपण काढून टाकतं आणि खालच्या केराटिनला सुजवतं, मग कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी वाटते, लाल होते, खाज येते. आणि हे इतकं हमखास होतं की त्वचेवर संशोधन करणारे लोक "इरिटंट" म्हणून मुद्दाम हेच वापरतात, पातळ सोल्युशनची पट्टी माणसाच्या हातावर काही तास लावून ठेवायची आणि कातडीतून किती पाणी उडतंय ते मोजायचं, ही नेहमीची टेस्ट आहे. म्हणजे शांपूतलं म्हणून ज्याला आपण हलक्यात घेतो, ते त्या क्षेत्रात कातडीला त्रास देणाऱ्या पदार्थाचा नमुना म्हणून वापरलं जातं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. बरेच जण म्हणतात "मला याची अ‍ॅलर्जी नाहीये, मला काही होत नाही". अ‍ॅलर्जी ही वेगळी भानगड, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थाला ओळखून उठते, काहींना होते आणि काहींना नाही. इरिटंटचं तसं नसतं, पुरेसं प्रमाण आणि पुरेसा वेळ मिळाला की ते प्रत्येकालाच त्रास देतं, फक्त कुणाला आज तर कुणाला महिनाभराने. शिवाय हे साठत जातं. रोज थोडं थोडं लागत राहिलं तर कातडीला भरून यायला वेळच मिळत नाही, आणि मग एक दिवस बोटांच्या मधे भेगा पडलेल्या दिसतात आणि माणूस ग्लोव्हजला दोष देत बसतो.

डोळ्याचं मात्र "इरिटंट" एवढ्यावर भागत नाही. बाटलीचं लेबल नीट वाचा. जीएचएस नावाची जी जागतिक पद्धत आहे, संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये पहिल्यांदा काढलेली, तिच्यात प्रत्येक धोक्याला एक कोड असतो. एसडीएस पावडरच्या लेबलवर सहसा एच ३१५ असतो म्हणजे कातडीला त्रास, एच ३३५ म्हणजे श्वासमार्गाला त्रास होऊ शकतो, एच ३०२ म्हणजे गिळल्यास अपायकारक, एच २२८ म्हणजे पेट घेणारा घन पदार्थ, एच ४१२ म्हणजे पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ अपायकारक, आणि एच ३१८. हा शेवटचा लक्षात ठेवा. डोळ्यांची नुसती जळजळ करणाऱ्या पदार्थांना एच ३१९ देतात, एच ३१८ म्हणजे डोळ्याला गंभीर इजा. म्हणूनच त्याच लेबलवर उद्गारचिन्हाच्या शेजारी हात आणि धातू खाल्ला जातानाचं ते चित्रही छापलेलं असतं, आणि "धोका" हा शब्द असतो, "सावधान" नाही. कंपनीप्रमाणे आणि पावडर आहे की गोळ्या आहेत त्याप्रमाणे कोड थोडेफार बदलतात, त्यामुळे तुमच्या हातात जी बाटली आहे तिचंच लेबल आणि तिचीच सेफ्टी शीट (कंपनीचं सुरक्षेचं माहितीपत्रक) वाचायची, नेटवरून भलत्याच कंपनीची उचलायची नाही. सेफ्टी शीटचे सोळा भाग असतात, सगळे पाठ करायची गरज नाही, पण दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी आणि साठवण), आठवा (काय घालायचं) आणि तेरावा (विल्हेवाट) एवढे तरी बाटली पहिल्यांदा उघडायच्या आधी वाचलेले हवेत.

आता मुख्य मुद्दा, वजन करणं. खरं संकट सगळं या पाच मिनिटांत असतं.

नेहमीचं दृश्य असं असतं, काट्यावर प्लास्टिकची वजनाची बोट (होडीसारखी उथळ ताटली) ठेवलेली, डोक्यावर पंखा किंवा एसीची झोत मारणारी जाळी, आणि माणूस बाटली तिरकी करून बाटलीवर टकटक करत पावडर पाडतोय. बाटलीवर टकटक केली की पावडर खाली पडते तेवढीच वरही उडते. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या बोटीवर स्थिर वीज असते, त्यामुळे बारीक कण बोटीत न बसता बाहेर उड्या मारतात आणि काट्याच्या तळाशी जाऊन बसतात. दोन मिनिटांनी घशात खवखव, नाकात चुणचुण, मग ठसका, मग शिंका, आणि शिंकेबरोबर उरलेली पावडरही उडते. नाकात गेलेला कण तिथल्या ओलाव्यात विरघळतो आणि त्या इवल्याशा जागेपुरतं एकदम कडक सोल्युशन तयार होतं, म्हणून इतकी थोडी पावडरसुद्धा इतका त्रास देते. ज्यांना दमा आहे त्यांनी तर हे काम शक्यतो करूच नये, दुसऱ्याला सांगावं, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावडर विकतच घ्यायची नाही. १० किंवा २० टक्क्यांचं तयार सोल्युशन मिळतं, ते घ्या, पावडर उडायचा विषयच संपला. थोडं महाग पडतं हे कबूल, पण लॅबमध्ये महिन्याला अर्धा लिटरच लागत असेल तर त्यासाठी पावडरची मोठी बाटली बाळगण्यात काही अर्थ नाही. दुसरा पर्याय म्हणजे गोळ्या, म्हणजे पेलेट्स, त्या जवळजवळ उडतच नाहीत, विरघळायला थोडा वेळ घेतात एवढंच. मास्क आणि हूड हे त्यानंतरचे उपाय आहेत, पहिला उपाय धूळ होऊच न देणं हाच.

पावडरच वापरायची असेल तर ती फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा आत ओढून घेणाऱ्या कपाटात, काढा. यावर लगेच कुणीतरी म्हणतं की हूडमध्ये काटा ठेवला तर हवेच्या झोताने आकडे नाचतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून काटा बाहेरच राहू दे. रुंद तोंडाची झाकणवाली रिकामी बाटली घ्या, काट्यावर झाकणासकट ठेवून शून्य करा, हूडमध्ये न्या, तिथे स्पॅच्युलाने (लॅबच्या छोट्या चमच्याने) अंदाजाने पावडर घाला, झाकण घट्ट लावा, बाहेरून पुसा आणि परत काट्यावर ठेवा. कमी पडली तर परत हूडमध्ये जाऊन थोडी घाला. आणि बरोब्बर १०० ग्रॅमच हवेत म्हणून चिमूटचिमूट टाकत काढत बसू नका, प्रत्येक चिमटीला थोडी धूळ उडतेच. ९८.६ ग्रॅम आले ना, मग पाणीच ९८६ मिलीपर्यंत करा, १० टक्केच झालं. ही इतकी साधी गोष्ट आहे तरी बरेच जण करत नाहीत, कारण प्रोटोकॉलमध्ये १०० ग्रॅम आणि १ लिटर लिहिलेलं असतं.

हूड नसेलच तर पंखा बंद करा, एसीच्या झोताखालून काटा हलवा, काट्याला काचेची दारं असतील तर ती लावा, आणि एन ९५ किंवा एफएफपी२ मास्क घाला. कापडी मास्क किंवा साधा सर्जिकल मास्क चालत नाही, तो कडेने उघडा असतो आणि बारीक धूळ तिथूनच आत जाते. स्पॅच्युला भांड्याच्या तळाजवळ नेऊन रिकामा करायचा, उंचावरून पाडायचा नाही. बाटली शेल्फवरून काढल्यावर लगेच उघडू नका, हलल्यामुळे आत धूळ उठलेली असते, ती बसू द्या आणि मग झाकण सावकाश फिरवा. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि आट्यांमध्ये पावडर अडकलेली असते, ती फुंकर मारून काढणारे लोक मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका, ओल्या टिश्यूने पुसा.

वजन झाल्यावर काटा पुसणं हे वजन करण्याचाच भाग समजा. पांढऱ्या काट्यावर पांढरे कण पटकन दिसत नाहीत, आणि नंतर कुणाचा ओला हात लागला की त्याचा एक पारदर्शक चिकट थर होतो जो अजिबातच दिसत नाही. तुमच्यानंतर येणारा माणूस तिथे मनगट टेकवतो, मग तेच मनगट कपाळावर, तिथून घामाबरोबर डोळ्यात. त्याला कळतही नाही की डोळा कशाने चुरचुरतोय. आधी किंचित ओल्या टिश्यूने कण उचला, मग दुसऱ्या ओल्या टिश्यूने पुसा, मग कोरड्याने. ब्रशने झटकायचं नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. अ‍ॅप्रन, नायट्राइल ग्लोव्हज आणि गॉगल. गॉगल म्हणजे कडेने बंद असणारा, साधा चष्मा हा गॉगल नाही, पावडर बाजूने येते. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवं कारण लेन्सच्या खाली अडकलेलं सोल्युशन अश्रूंनी धुतलं जात नाही. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाईल आणि दाराची कडी धरायची नाही, आणि काढल्यावर हात धुवायचे. ज्यांचे हात आधीच फुटलेत किंवा एक्झिमा आहे त्यांना हेच प्रमाण कितीतरी जास्त झोंबतं.

सोल्युशन बनवताना आधी पाणी, मग पावडर, हा क्रम पक्का. बीकरमध्ये पावडर टाकून वरून नळ सोडला की धूळ पण उडते आणि फेसही इतका होतो की मग तासभर वाट बघत बसा. एक लिटर करायचं असेल तर आठशे-नऊशे मिली पाणी घ्या, मॅग्नेटिक बीड (ढवळायचा छोटा चुंबक) अगदी हळू फिरू द्या, पृष्ठभाग जेमतेम हलेल इतकंच, आणि थोडी थोडी पावडर सोडा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम केलं की पटकन विरघळतं. त्या वेळी बीकरवर वाकून "झालं का, झालं का" बघायचं नाही, वर सैल झाकण किंवा फॉइल ठेवायचं. शेवटचं पाणी घालताना फेसामुळे रेषा दिसत नाही, तेव्हा थांबा, फेस बसू द्या, घाई केली तर टक्केवारी चुकणार. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, भरमसाट फेस होतो, आणि तशी गरजही नसते. आणि पोटॅशियम असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हे बनवायला जाऊ नका, पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात फार कमी विरघळतं, त्यामुळे लगेच पांढरा दह्यासारखा गाळ खाली बसतो.

समजा इतकं करूनही लागलंच तर काय करायचं. डोळ्यात पावडर किंवा सोल्युशन गेलं तर त्या क्षणी सगळं सोडा आणि आयवॉशवर (लॅबमधल्या डोळे धुवायच्या नळावर) जा, आयवॉश नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ मिनिटं धुवा. १५ मिनिटं हा वेळ मनात मोजला तर दोन मिनिटांतच झाल्यासारखा वाटतो म्हणून कुणालातरी घड्याळ लावायला सांगा. लेन्स सहज निघत असेल तर काढा, पण ती काढण्यात वेळ घालवू नका, धुणं चालू ठेवा. आणि नंतर बरं वाटलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवाच, लेबल किंवा सेफ्टी शीट सोबत न्या. कातडीवर सांडलं तर नुसतं भरपूर पाणी, वरून साबण घासत बसू नका, हे स्वतःच साबणाच्या जातीचं आहे, अजून साबण लावून उरलेलं तेलही निघून जाईल. निसरडेपणा जाईपर्यंत धुवा, कपड्यावर पडलं असेल तर तो कपडा काढा, आणि कातडी कोरडी झाल्यावर साधं मॉइश्चरायझर लावा. नाकातोंडात धूळ गेली तर मोकळ्या हवेत जा, खोकला थांबत नसेल, छातीत सूं सूं आवाज येत असेल तर डॉक्टर. पोटात गेलं तर तोंड धुवा आणि उलटी मुद्दाम काढू नका. कारण उलटी करताना पोटात झालेला फेस वर येतो आणि तो श्वासनलिकेत गेला तर पोटातल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. डॉक्टरला किंवा विषबाधेच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा.

सांडण्याचंही तसंच, लोक घाबरून जे पहिलं करतात तेच नेमकं चुकीचं असतं. पावडर फरशीवर सांडली की बादलीभर पाणी ओततात. त्याने काय होतं तर फेसाचा डोंगर होतो आणि फरशी इतकी निसरडी होते की पुढचा माणूस आडवा. झाडूही नको, धूळ उडते, आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर बिलकुल नको, त्याच्या मागच्या बाजूने बारीक कण परत खोलीत येतात आणि बारीक कोरडी पावडर हवेत पसरलेली असताना मोटरची ठिणगी ही धोक्याची गोष्ट आहे. त्यापेक्षा लोकांना बाजूला करा, पंखे बंद करा, मास्क-गॉगल-ग्लोव्हज घाला, सांडलेल्या ढिगावर पाण्याने ओलसर केलेले पेपर टॉवेल अलगद पसरा, आणि कडेकडून मधे गोळा करत प्लास्टिकच्या सुपलीने पिशवीत भरा. उरलेला पातळ थर ओल्या फडक्याने पुसा, दोनदा-तीनदा, फेस यायचा थांबेपर्यंत. सोल्युशन सांडलं तर शोषून घेणारे पॅड टाका, मग पुसा. दोन्ही वेळा फरशी कोरडी होईपर्यंत तिथे पाटी ठेवा, कारण पुसल्यावरही ती घसरते.

ठेवायला ही पावडर तशी फार नखरेल नाही. कोरडी, थंड पण फ्रीजमध्ये नाही, झाकण घट्ट, उन्हापासून आणि हीटरपासून लांब. खालच्या किंवा मधल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीच्या वर नको. परक्लोरेट, नायट्रेट, परॉक्साइड अशा ऑक्सिडायझरच्या शेजारी ठेवायची नाही, तीव्र आम्लांपासूनही लांब, आम्लात आणि उष्णतेत ती फुटून डोडेकॅनॉल आणि बायसल्फेट बनतं. पेटली तर सल्फरचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि ते फुफ्फुसाला पावडरपेक्षा कितीतरी वाईट. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. दमट हवेत पाणी शोषून गुठळ्या झाल्या असतील तर त्या बाटली आपटून किंवा खलबत्त्यात कुटून फोडायच्या नाहीत, कुटणं म्हणजे मुद्दाम धूळ तयार करणं. गुठळी तशीच उचलून वजन करा आणि पाण्यात टाका, विरघळेल आपोआप. फक्त ओलावा शिरल्यामुळे वजनात थोडं पाणीही मोजलं जातं, त्यामुळे नेमक्या प्रमाणाचं काम असेल तर नवीन बाटली घ्या.

सोल्युशन खोलीच्या तापमानाला ठेवायचं. १० टक्क्यांचं सोल्युशन फ्रीजमध्ये ठेवलं, किंवा थंडीच्या दिवसांत खोली २० अंशांच्या खाली गेली, की त्यात पांढरे स्फटिक दिसतात आणि कुणीतरी "खराब झालं" म्हणून बेसिनमध्ये ओतून मोकळं होतं. ते खराब झालेलं नसतं. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून हळूच हलवलं की परत स्वच्छ होतं. फक्त तो गाळ पूर्ण विरघळायच्या आधी वरचं पाणी वापरायचं नाही, त्यात प्रमाण कमी असतं. बाटलीवर नाव पूर्ण, टक्केवारी, तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि धोक्याचं चित्र. नुसतं मार्करने "१०% एस" लिहिलेल्या पारदर्शक बाटल्या मला फार खटकतात, स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं सोल्युशन कुणीही पाणी समजून उचलेल.

आता टाकणं. इथे परत शांपूचा मुद्दा येतो, "शांपू नाही का आपण रोज मोरीत सोडत". हे म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही, एसडीएस जिवाणूंना सहज खाता येतं, चांगल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ते बऱ्यापैकी लवकर मोडतं. पण मोडायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत ते पाण्यात असतं. पाण्यातले डॅफ्नियासारखे बारीक जीव लिटरला काही मिलिग्रॅम इतक्या प्रमाणातच तडफडायला लागतात, माशांच्या कल्ल्यांवरचा नाजूक पडदाही प्रोटीन-चरबीचाच. हिशोब करून बघा, १० टक्क्यांचं १०० मिली म्हणजे १० ग्रॅम. ते लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत पातळ करायला १००० लिटर पाणी लागेल. बेसिनमध्ये ओतून दोन मिनिटं नळ सोडला की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

म्हणून ढोबळ भेद असा. जेल चालवायच्या बफरमध्ये ०.१ टक्का एसडीएस असतं, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, आणि इतकं पातळ पाणी भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडायला बऱ्याच संस्था परवानगी देतात, पण ती परवानगी तुमच्या संस्थेच्या सेफ्टी ऑफिसरने दिलेली असली पाहिजे, शेजारच्या टेबलवरच्या सीनियरने नाही. सिंकचं पाणी प्रक्रिया केंद्राऐवजी थेट नाल्यात जात असेल तर तेही नको. स्टॉक सोल्युशन (पातळ करून वापरायला ठेवलेलं कडक सोल्युशन), उरलेली पावडर, मुदत संपलेली बाटली, सांडलेलं गोळा केलेलं, हे सगळं रासायनिक कचऱ्यात, परवाना असलेल्या विल्हेवाट कंपनीकडे. घरच्या कचऱ्याच्या डब्यात नाही, आणि मागच्या अंगणात जाळणं तर अजिबात नाही.

पण खरं सांगायचं तर लॅबमधला एसडीएस क्वचितच एकटा असतो, आणि धोका बहुतेक वेळा त्याच्याबरोबर काय आहे त्यात असतो. सॅम्पल बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल असेल तर तो विषारी आणि उग्र वासाचा कचरा झाला. डीएनए काढताना फिनॉल-क्लोरोफॉर्म वापरलं असेल तर ते हॅलोजनवाल्या सॉल्व्हंटच्या डब्यात, एसडीएस त्यात फक्त पाहुणा. जेल रंगवायच्या द्रावणात मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, ते वेगळं. आणि लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, ग्वानिडिन थायोसायनेट असेल तर त्यात ब्लीच कधीही, कधीही घालायचं नाही, विषारी वायू निघतात. पेशी मारायच्या म्हणून सवयीने ब्लीच ओतणाऱ्यांकडून हे होऊ शकतं, म्हणून किटच्या डब्यावरची घटकांची यादी आधी वाचायची आणि मगच कचऱ्याचा डबा निवडायचा.

कचऱ्याच्या कॅनवर आत जे जे आहे ते सगळं लिहा, अंदाजे टक्केवारीसकट. "बफर वेस्ट" एवढंच लिहिलेला कॅन नेणाऱ्या माणसाला आत काय आहे ते कळत नाही, आणि तो उघडतो तेव्हा तुम्ही तिथे नसता. कॅन तीन चतुर्थांशाच्या वर भरायचा नाही, वाहतुकीत हलून फेस होतो आणि झाकणातून बाहेर येतो. पावडर पुसलेले टिश्यू आणि ग्लोव्हज बांधलेल्या पिशवीत, नुसते डब्यात टाकले तर डबा रिकामा करणाऱ्याच्या तोंडावर धूळ उडते. रिकाम्या बाटलीला तीनदा थोड्या थोड्या पाण्याने खंगाळा. पहिलं पाणी फेकू नका, त्याच दिवशी १० टक्क्यांचं सोल्युशन बनवत असाल तर त्यातच घाला, नाहीतर कॅनमध्ये. मग लेबल फाडा किंवा मार्करने पूर्ण काळं करा, धोक्याच्या चित्रासकट, आणि झाकण वेगळं काढून बाटली द्या, म्हणजे कुणी ती घरी नेऊन त्यात दुसरं काही भरून ठेवणार नाही.